बुडालेल्या राणीचा चेहरा

काकूंचा फोटो मी त्यांना न विचारता काढला. मोबाइलवर कुणाचा तरी मेसेज वाचतोय असं दाखवत, फोन छातीशी तिरका धरून, त्याचा आवाज आधीच बंद करून. त्या तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या आणि कपातला चहा सांडू न देता ओठांपर्यंत नेण्याचा प्रयत्न करत होत्या. हॉस्पिटलमधून घरी येऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते. मी त्यांना भेटायला म्हणून गेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं लिहिताना मला माझी बाजू मांडायचा मोह होईल, आणि माझी बाजू तशी बऱ्यापैकी मांडता येते. गेले कित्येक महिने मी ती स्वतःपुढे मांडतोच आहे.

मी चित्रं काढतो. टेबलाभोवती बसून खेळायचे काही खेळ असतात. त्यात एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि अडचण आली की फासे टाकून ठरवतात की तलवार लागली की चुकली. या खेळांची जाडजूड पुस्तकं निघतात. त्यांत राक्षस, चेटकिणी, पडके किल्ले, जादूची शस्त्रं यांची चित्रं लागतात. परदेशातल्या छोट्या प्रकाशकांसाठी ती मी बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून काढतो. सोसायटीत याचा अर्थ ‘घरीच असतो’ असा घेतला जातो. त्यामुळे लोकांची पार्सलं माझ्याकडे येतात आणि पाण्याचा टँकर आला की खाली जाऊन मीच उभा राहतो.

असल्या चित्रांना खरी माणसं लागतात. हे बाहेरच्यांना सांगितलं तर पटत नाही. पण यक्षीण असो की सेनापती, हात उचलल्यावर खांदा कुठे जातो, अंगावरचं वस्त्र कुठे ओढलं जातं, हे मनाने काढलं की खोटं दिसतं. म्हणून या कामातले बहुतेक जण घरातल्याच कुणाला तरी उभं करतात, चादर पांघरायला देतात, हातात झाडू देतात आणि फोटो काढतात. चित्रात झाडूचा भाला होतो. माझी बायको दोनदा सैनिक म्हणून उभी राहिली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, मला ऑफिस आहे, आणि तुझ्या सैन्यात सगळ्यांचे चेहरे सारखे दिसायला लागले तर शत्रूला वाटेल एकच बाई धावतेय. मग मी गच्चीवर जाऊन स्वतःचेच फोटो काढायला लागलो.

तिथेच काकूंनी मला पकडलं. त्या तळमजल्यावर राहायच्या, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. नळाला पाणी का येत नाही म्हणून टाकी बघायला त्या वर आल्या होत्या, आणि मी जांभळी चादर गुंडाळून, डोक्यावर उलटी चाळणी ठेवून, टाकीला टेकून उभा होतो. एखादीने विचारलं असतं, हे काय चाललंय. काकू कमरेवर हात ठेवून जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मान चुकतेय. कोण आहेस तू?”

मी ओशाळून सांगितलं की राणी आहे.

“मग कुणाकडे बघतोयस असा? राणीला बघावं लागत नाही. लोक तिच्याकडे बघतात. दे इकडे.”

त्यांनी चाळणी आणि चादर माझ्याकडून घेतली. चादर अशी काही खांद्यावरून सोडली की मी फोन उचलायचंच विसरलो. एक्स्चेंजमध्ये त्यांचा हौशी नाटकाचा ग्रुप होता, हे मला नंतर कळलं. सगळी वर्षं त्यांनी त्यात मोलकरणी केल्या, शेजारणी केल्या, नायकाच्या आया केल्या. राणी एकदाही नाही. का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, “राणीला उंची लागते असं सांगायचे. आमच्यात जी राणी व्हायची तिची उंची माझ्याएवढीच होती. फक्त दिग्दर्शकाशी तिचं लग्न झालेलं होतं.”

त्यानंतर माझ्या चित्रांतल्या बहुतेक सगळ्या बायका काकू आहेत. काही पुरुषसुद्धा. त्यांची एकच अट होती: आधी गोष्ट सांगायची. प्रकाशकाकडून येणाऱ्या वर्णनात पात्राचं बळ, हत्यार, चिलखत असलं काही असायचं. काकूंना ते चालायचं नाही. ही कुठली, हिचं काय हरवलंय, हिला आत्ता काय हवंय, हे कळल्याशिवाय त्या चादरीला हात लावायच्या नाहीत. मग मी गच्चीवर उभा राहून गोष्ट रचायचो आणि त्या मध्येच विचारायच्या, हिची सासू जिवंत आहे का. हसण्यावारी न्यायचो मी, पण त्या प्रश्नांनी हाताची ठेवण बदलायची. चित्रं पूर्वीपेक्षा चांगली व्हायला लागली.

प्रत्येक चित्राची एक छापील प्रत मी त्यांना द्यायचो. त्यांच्या हॉलमध्ये एक भिंत त्यासाठी होती. आल्या-गेल्याला त्या हात दाखवून ओळख करून द्यायच्या: ही मी, हीपण मीच, ही हिरवी बाई कोण ते मला आठवत नाही पण नाक माझं आहे. त्यांची नात त्यांच्याजवळ राहायची. ती आयटी कंपनीत होती आणि योगायोगाने हे खेळ खेळायची. रविवारी धायरीला एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये त्यांची टोळी जमायची. आपली आजी पुस्तकात आहे ही तिची तिथली पत होती.

मागच्या दिवाळीनंतर काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. सकाळी, ओट्यापाशी उभ्या असताना. डावा हात गेला, डावा पाय अर्धा गेला, आणि चेहऱ्याची डावी बाजू उतरली. बायको दवाखान्यात जाऊन आली, डबाही देऊन आली. मी गेलो नाही. काम गळ्याशी आलं आहे असं मी सांगितलं, आणि ते खरंही होतं.

काम होतं एका राणीचंच. अख्ख्या पानाचं चित्र, पुस्तकातलं सगळ्यात मोठं. पाण्याखाली गेलेलं एक शहर, त्याच्या तळाशी दरबार, आणि सिंहासनावर बुडून मेलेली राणी. आपण मेलो आहोत हे तिला माहीत नाही. खेळणारी मंडळी दिवे घेऊन तिथे उतरतात आणि ती मान वर करून त्यांच्याकडे बघते. तो क्षण काढायचा होता.

अशा चित्रात आधी चेहरा वगैरे नसतो. आधी काड्यापेटीएवढी कच्ची रेखाटनं करायची, फक्त काळा, करडा आणि पांढरा वापरून. नजर कुठून शिरते, कशावरून घसरते, कुठे थांबते ते बघायचं. माझी मांडणी लवकर जमली होती. वरून तिरपा येणारा दिव्यांचा उजेड, कलंडलेले खांब, शेवाळाच्या लांब पट्ट्या, सगळं एका जागेकडे वळत होतं. तिथे राणीचा चेहरा हवा होता. आणि तिथे पोचल्यावर काहीच नव्हतं. मी सुंदर चेहरा काढला, मग सडलेला काढला, मग डोळे पांढरे केले. प्रकाशकाच्या आर्ट डायरेक्टरचं एकच म्हणणं परत परत येत होतं: भीती वाटते आहे पण दया येत नाही, किंवा दया येते आहे पण भीती वाटत नाही. दोन्ही एकाच वेळी हवं.

त्या दिवसांत बायको म्हणाली, काकू तुझी आठवण काढतात, जाऊन ये. म्हणून गेलो.

नातीने दार उघडलं. हॉलमधल्या आरशावर टॉवेल टाकलेला होता. मी तिकडे बघितलेलं पाहून ती हळूच म्हणाली की आजीला स्वतःकडे बघायचं नाहीये. फिजिओवाली सांगते, आरशासमोर बसून तोंडाचे व्यायाम करा, तर आजी डोळे मिटून करते. फोटोचंही तेच. नाशिकच्या कुणी नातेवाइकाने फॅमिली ग्रुपवर टाकायला फोटो काढला, तर आजीने त्याला समोर बसवून डिलीट करायला लावला. “सो प्लीज काका, तुम्हीपण,” ती म्हणाली. मी म्हणालो, छे, काहीतरीच काय.

मग मी आत वळलो आणि काकूंना बघितलं.

इथे मला खरं लिहायला हवं. पहिला विचार काकूंचा आला नाही. खिडकी त्यांच्या उजव्या हाताला होती. सकाळचा उजेड चेहऱ्याच्या जाग्या बाजूवर पडला होता. तो डोळा लख्ख, हुशार, मला ओळखून थोडा हसरा. नाकाच्या पलीकडे सावली, आणि सावलीत दुसरी बाजू, जी खाली ओघळली होती आणि कुणाचीच नसल्यासारखी दिसत होती. एकाच चेहऱ्यात एक बाई तुमची वाट बघत होती आणि एक बाई निघून गेली होती. माझ्या मनात आलं: सापडलं.

काकू बोलल्या. ज्या आवाजाने त्यांनी आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले, तो आवाज आता ओठाच्या कोपऱ्यातून अर्धा बाहेर येत होता. नवीन काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काही खास नाही. त्यावर त्या थांबत थांबत म्हणाल्या, “आता... चेटकीण दे मला. मेकअप... नको.”

नात हसली नाही. मी हसलो. आणि नात चहाचा दुसरा कप आणायला आत गेली तेव्हा मी खिशातून फोन काढला.

पुढे मी पुष्कळ दिवस त्या वाक्याचा आधार घेतला. त्यांनीच तर सांगितलं होतं. पण विनोद आणि परवानगी यांतला फरक कळण्याइतका मी पुण्यात राहिलो आहे. इथे माणसं दुखत असलं की टोमणा मारतात. काकू तर स्वतःलाही मारायच्या.

चित्र दोन दिवसांत पुरं झालं. इतक्या सहज माझं कुठलंच काम झालेलं नाही. मुकुट झोपलेल्या बाजूला कलंडवला. केस पाण्यात वर तरंगत ठेवले, म्हणजे चेहरा एकटाच खाली ओढला जातोय असं वाटावं. दिव्याचा उजेड जाग्या डोळ्यावर. वय कमी केलं, रंग निळसर केला, नाक बदललं. नाक बदलताना मला हायसं वाटलं होतं. आता कोण ओळखणार. आर्ट डायरेक्टरचं उत्तर लगेच आलं, यातली एक रेघही हलवू नका म्हणून. पुढे पुस्तक आलं तेव्हा लोकांनी त्या एका पानाबद्दल लिहिलं. अनोळखी मुलामुलींनी कळवलं की त्यांच्या टेबलावर ते पान उघडल्यावर सगळे गप्प झाले. मला इतकं कौतुक कधी मिळालं नव्हतं.

पण पुस्तक यायच्या आधीच एक भलतंच सुरू झालं होतं. सुरुवात कशी झाली हे नेमकं सांगता येत नाही. त्यानंतरचं काम एका सुताराचं होतं, साधा, हसरा, दाढीवाला माणूस. चेहरा रंगवत आणला आणि बघतो तर त्याचा एक डोळा मला ओळखत होता आणि दुसरा नव्हता. पुसून पुन्हा केला. पुन्हा तसाच. मग एका मुलीचं चित्र, मग एका घोडेस्वाराचं. हात आपोआप तिथे जायचा. आर्ट डायरेक्टरने सौम्यपणे विचारलं की तुमची सगळी माणसं हल्ली काहीतरी माहीत असल्यासारखी का बघतात. जेवण झालं की मी स्क्रीन बंद करायचो, आणि त्या काळ्या काचेत माझाच चेहरा दिसायचा, खिडकीच्या उजेडात अर्धा. दाढी करताना मी आरशात एका वेळी एकच गाल बघायला लागलो. मूळ फोटो मी फोनमधून काढून टाकला. त्याने काही झालं नाही. तो मला पाठ होता.

आणि काकू खाली होत्या. आमच्या बिल्डिंगचा जिना त्यांच्या दारासमोरून जातो, दुसरा रस्ता नाही. त्या नेहमी सांगायच्या की पायांच्या आवाजावरून मी सगळी बिल्डिंग ओळखते, इतकी वर्षं कानांवरच नोकरी केली. पूर्वी मी उतरताना दिसलोही नाही तरी आतून हाक यायची. आता हाक येत नव्हती, पण बंद दाराच्या पलीकडे त्या ऐकत बसल्या आहेत असं मला वाटायचं.  एकदा मी शेवटच्या वळणावर चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी त्यांच्या दारावरून गेलो. गेटबाहेर जाऊन घातल्या. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मग ती सवयच झाली. पन्नाशीला आलेला माणूस, हातात चपला घेऊन, चोरपावलाने दूध आणायला निघालेला. बायकोने एकदा बघितलं आणि विचारलं. मी म्हणालो, आवाज होतो, काकू झोपल्या असतील. ती म्हणाली, अकरा वाजलेत.

रविवारी संध्याकाळी नात वर आली. तिच्या पाठीवर सॅक होती आणि ती धायरीहून तडक आली होती. बसली नाही. तिच्या टोळीने त्या दिवशी तोच भाग खेळायला घेतला होता. गोष्ट चालवणाऱ्या मित्राने मोठ्या ऐटीत पुस्तक फिरवलं, ही बघा बुडालेली राणी, आणि सगळे ‘ओह’ म्हणाले. तिला पहिल्यांदा नुसतंच कसंतरी झालं. मग कळलं.

“नाक चेंज केलंय तुम्ही,” ती म्हणाली. “काका, मी रोज तिचं तोंड पुसते. मला नाकाची गरज नाहीये.”

मी काहीतरी बोलायला गेलो. चित्रकार सगळीकडून घेत असतो, असलं काहीतरी.

“माझ्या कॅरेक्टरला तिला मारायचं होतं,” ती म्हणाली. “टर्न माझा होता. सगळे म्हणतायत, अटॅक कर. मी म्हटलं मला बरं वाटत नाहीये.” मग तिने विचारलं, “हिची गोष्ट सांगितली होतीत आजीला?”

मी नाही अशी मान हलवली.

तिने सांगितलं की ती आजीला काही बोलणार नाही. दाखवणार नाही आणि लपवणारही नाही. ते तुम्ही करा. पण आजी अजून आरशात बघत नाही, हे लक्षात ठेवून करा. एवढं बोलून ती गेली.

तिने माझ्यावर सोडलं होतं ते नेमकं काय, हे मला त्या रात्री नीट कळलं. न सांगावं तर कधी ना कधी कुणीतरी ते पुस्तक काकूंसमोर उघडणारच. आणि दाखवावं तर ज्या चेहऱ्यापासून त्या इतके महिने डोळे मिटून होत्या, तो त्यांना पहिल्यांदा दिसणार होता माझ्या चित्रात, प्रेताचा म्हणून. काकूंचं स्वतःशी जे काही चाललं होतं, त्याच्या मधोमध मी जाऊन उभा राहिलो होतो. मी मनातल्या मनात माफीचं भाषण तयार केलं. त्यात कलेबद्दल बरंच होतं, त्या चेहऱ्यात मला केवढी ताकद दिसली त्याबद्दल होतं, शेवटी ‘ही एक प्रकारे मानवंदनाच आहे’ असंही होतं. आठवडा गेला, मग दुसरा. चपला माझ्या हातातच राहिल्या.

एका सकाळी मी तसाच उतरत होतो आणि शेवटच्या वळणानंतर दिसलं की त्यांचं दार सताड उघडं आहे. फिजिओवालीने आता दारापर्यंत चालायला सांगितलं होतं. काकू काठी टेकून उंबऱ्यात उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. मग माझ्या पायांकडे. मग माझ्या हातांकडे.

“चोर... झालास का?” त्या म्हणाल्या.

मी तिथेच उभा राहिलो. फरशी गार होती. त्या खूप सावकाश बोलल्या, एकेक शब्द उचलून ठेवत. वर रोज दार वाजतं, पहिल्या मजल्यापर्यंत चपला वाजतात, आणि मग माणूस नाहीसा होतो. नंतर गेट वाजतं. मला वाटलं, माझा कान पण गेला.

या एका गोष्टीने मला जे झालं ते नातीच्या बोलण्याने झालं नव्हतं. एवढं सगळं गेल्यावर जे एक त्यांच्याकडे शाबूत होतं, त्यावरही त्यांनी माझ्यामुळे शंका घेतली होती. मी म्हणालो, “काकू, कान ठीक आहे. मीच आहे तो. थांबा, मी येतो.” वर गेलो. छापील प्रत कपाटात होती, मोठी, भिंतीसाठी काढतो तशी; सवयीने मागवली होती आणि मग दडवली होती. ती घेतली, चपला घातल्या आणि वाजवत खाली आलो.

त्या खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या होत्या. नात आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होती. तिने काचेच्या दारातून माझ्या हातातली गुंडाळी बघितली आणि हेडफोन काढून ठेवला, पण बाहेर आली नाही. मी काकूंना सांगितलं की हे चित्र मी तुम्हाला दाखवलेलं नाही, आणि दाखवायच्या आधी सांगायला हवं की यात तुमचा आताचा चेहरा आहे. नको असेल तर मी न उघडता घेऊन जातो.  त्यांनी चष्मा मागितला.

मी चित्र दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरलं. मला उलट बाजूचा पांढरा कागद दिसत होता आणि त्यावरून त्यांचे डोळे. ते आधी वर गेले, दिव्यांकडे. मग खांबांवरून खाली आले, शेवाळावरून आत आले, मी रचलेल्या वाटेवरून एकेक पाऊल टाकत, आणि जिथे थांबायला हवे होते तिथे थांबले. माझे दंड भरून आले तरी मी कागद हलवला नाही.

“मी... अशी दिसते?” त्यांनी विचारलं.

नाही म्हणणं किती सोपं होतं. ही तर कल्पना आहे, निळा रंग बघा, मुकुट बघा. मी म्हणालो, “त्या दिवशी अशा दिसत होतात. आता बाजू बरीच वर आली आहे.”

त्यांनी उजवा हात उचलला आणि बोटांनी स्वतःचा डावा गाल चाचपला, ओठाचा कोपरा, डोळ्याखालची कातडी, कागदावरून नजर न काढता, जणू दोन्ही ठिकाणं जुळवून बघत होत्या. गालावरून पाणी आलं. डाव्या डोळ्यातून ते आपोआपही यायचं, त्यामुळे मला काय समजावं ते कळेना. हात मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, “फोटो कधी काढलास?”

“इथेच. तुम्ही चहा पीत होतात तेव्हा.”

“मी... नाही म्हटलेलं. सगळ्यांना.”

“हो. मला माहीत होतं.”

  रस्त्यावर कुणी तरी रिक्षा रिव्हर्स घेत होतं. मग त्या म्हणाल्या, “बोल की. इतके दिवस... काही तरी... पाठ केलं असशील.”

केलं होतं. मानवंदना होती, ताकद होती, चेटकिणीचा तो विनोदही वेळेला उपयोगी पडेल म्हणून राखून ठेवला होता. त्यातलं एकही वाक्य मला त्या चेहऱ्यासमोर उच्चारता येईना. मी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं, त्यांच्या समोर खाली फरशीवर बसलो, आणि जे बोललो ते आठवेल तसं लिहितो.

“काकू, त्या दिवशी मी तुमच्यासाठी आलो नव्हतो. दवाखान्यात पण आलो नाही, कारण माझं चित्र अडलं होतं. इथे दार उघडल्यावर तुम्ही कशा आहात हे मी बघितलंच नाही, उजेड कुठून येतोय ते बघितलं. फोटो नको हे मला दारातच कळलं होतं, म्हणून तर चोरून काढला. विचारलं असतं तर तुम्ही कदाचित नाही म्हणाला असतात, आणि मला तो नकार नको होता, चेहरा हवा होता. नंतर तुम्हाला टाळलं, तुमच्या दारावरून अनवाणी गेलो, तेही तुमच्यासाठी नव्हे, मला लाज वाटत होती म्हणून. चित्र चांगलं झालंय. त्याने यातलं काही कमी होत नाही. माझं चुकलं, काकू. मला माफ करा.”